गुलाबी प्रत

चष्मेवालीने लिफ्टवाल्याला होकार दिला आणि सगळं छान झालं.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही घडलेलं नाही. ‘शाळा सुटू नये’ या कार्यक्रमाच्या नियम क्रमांक नऊनुसार ते घडूच शकत नव्हतं, आणि समन्वयक बाईंच्या कपाटातल्या एकाही फायलीत त्याची नोंद सापडणार नाही. तेव्हा जिथे खरोखरच काही घडलेलं नव्हतं, तिथून सुरुवात करू.

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी मुलगी. वय सत्तावीस. दिवसभर अंधाऱ्या खोलीत अनोळखी माणसांच्या डोळ्यांत अगदी जवळून बघायचं, हे तिचं काम. इतक्या डोळ्यांत बघूनही पोरीचं कुठे जमत कसं नाही, याचं तिच्या आईला फार नवल वाटे. दर मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, शाळा सोडायच्या बेतात असलेल्या एका लेकराला गणित शिकवायचं तिने कबूल केलं होतं. पहिल्या दिवशी समन्वयक बाईंनी तिला एवढंच सांगितलं, की लेकरू वयापेक्षा मोठं वाटतं, सांभाळून घ्या.

खोलीत एक माणूस बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसला होता. त्याला दाढी होती. चष्मेवालीने मनात म्हटलं, बिचारा... किती वर्षं नापास होतोय कोण जाणे.

तिने त्याला वीस मिनिटं अपूर्णांक शिकवले. त्यानेही ते मुकाट्याने शिकून घेतले, कारण पहिल्या दिवशी प्रशिक्षण असतं असं त्याला सांगितलं होतं. तीन चतुर्थांश मोठे की दोन तृतीयांश, असं तिने विचारल्यावर तो बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, कशाचे, त्यावर आहे. चष्मेवाली हसली नाही. चुकलं तरी चालतं, म्हणाली, सगळ्यांचंच चुकतं. आणि हे तिने इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की त्या माणसाला गलबलून आलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. गेली नऊ वर्षं लोक त्याच्याशी फक्त बंद दाराआडून ओरडून बोलत आले होते.

“यांचं झालं की मला शिकवा,” दारातून आवाज आला. “यांच्यापेक्षा मला बरं येतं.”

पंधरा वर्षांची एक उंच मुलगी दप्तर छातीशी धरून उभी होती. वीस मिनिटांपासून उभी होती. खरी विद्यार्थिनी ती. दाढीवाला हा तिचा ‘सोबती’ निघाला. कार्यक्रमाची पद्धतच तशी होती : प्रत्येक मुलामागे दोन माणसं. एक मंगळवारी शिकवणार. दुसरं शुक्रवारी नुसतं सोबत बसून गप्पा मारणार, शाळेत गेलीस का, का नाही गेलीस, मग उद्या जाशील का, असं विचारत राहणार.

मुलीचं नाव पडलं वकीलबाई. दोन मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात, असं गणित घातलं की ती आधी विचारायची, त्यांना आठवड्याची सुट्टी दिली होती का. आई कामासाठी लांब, राहायला मावशीकडे, मावशीचं इस्त्रीचं दुकान. दोन वर्षांत तीन शाळा बदलून झालेल्या. आधी तिला शिकवायला आलेले तिघं : एकाचं लग्न झालं, एकाची बदली झाली, तिसरा ‘पुढच्या मंगळवारी भेटू’ म्हणाला आणि तो मंगळवार अजून उगवायचा होता. त्यामुळे वकीलबाईने शाळेत जाणं जवळपास बंद केलं होतं. हजेरी पंचाहत्तर टक्के भरली नाही तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि यंदा बसली नाही तर ती पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, हे मावशीसकट सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

वकीलबाई चष्मेवालीला ताई म्हणायची आणि लिफ्टवाल्याला काका. हे त्याला लागलं. तो एकोणतीस वर्षांचा होता. ताई आणि काका यांच्यात पुढेमागे काही जुळायचं म्हटलं, तर नात्याचा केवढा घोळ. त्याने वकीलबाईला समजावलं, की काका फार मोठं होतं, दादा म्हण. तिने आनंदाने मान्य केलं. घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की ताई आणि दादा म्हणजे तर सख्खी भावंडं. पुढच्या शुक्रवारी त्याने आपण होऊन काकापद परत मागून घेतलं.

शुक्रवारी गप्पा संपल्या की वकीलबाई घरी जायची, चष्मेवाली दुकानातून यायची आणि दोघं मिळून ‘संयुक्त आढावा पत्रक’ भरायची. वर पांढरी प्रत, कार्यालयासाठी. मध्ये कार्बन. खाली गुलाबी प्रत, पालकांसाठी; ती शिपाई न बघताच टपालात टाकायचा. विद्यार्थी त्या आठवड्यात शाळेत जाऊन दोन्ही दिवस इथेही हजर असेल तरच पत्रक भरायचं, असा नियम. आणि शेजारच्या खोलीत समन्वयक बाई. मधली भिंत प्लायवूडची. बाईंना नियम नऊ पाठ होता : एकाच विद्यार्थ्याचे शिक्षक व सोबती यांच्यात खाजगी संबंध निर्माण झाल्यास दोघांपैकी एकाने तत्काळ काम सोडावे. पूर्वी एका जोडीचं भांडण झालं होतं आणि महिनाभर बिचारा विद्यार्थीच निरोप्या झाला होता. तेव्हापासूनचा तो नियम.

म्हणून दोघं बोलत नसत. चिठ्ठ्या लिहीत. पत्रकाच्या गठ्ठ्यावरच चिठ्ठीचा कागद ठेवायचा, लिहायचं आणि सरकवायचा.

त्याने पहिली लिहिली : अपूर्णांक अजून कळलेले नाहीत. उजळणी मिळेल का?

तिने लिहिलं : अर्ज योग्य मार्गाने करा.

योग्य मार्ग म्हणजे जिन्याने की लिफ्टने?

लिफ्ट तुम्ही दुरुस्त केली असेल तर जिन्याने.

मग दोघं समोरासमोर बसून, ओठ घट्ट मिटून, खांदे हलेपर्यंत हसत. पेन एकच होतं. ते देता-घेता एकदा बोटं बोटांवर राहिली... जरा जास्तच वेळ. बाहेर पाऊस नव्हता. अशा वेळी असतो, पण नव्हता. पंखा मात्र होता आणि तो खडखडत होता, आणि चष्मेवालीला त्याचं फार बरं वाटलं, कारण तिच्या छातीतही काहीतरी खडखडत होतं आणि ते पंख्यावर ढकलता येत होतं.

सहाव्या शुक्रवारी त्याने लिहिलं, मला तुम्ही आवडता. पान्यासारखं पेन धरून, इतकं दाबून लिहिलं की शेवटच्या कान्याला कागद फाटला. तिने खाली लिहिलं : नियम नऊ. पण चिठ्ठी परत न देता पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकानात एका आजोबांना खालची ओळ वाचता येत नव्हती, तर ही म्हणाली, राहू द्या, वरची छान आहे.

इकडे वकीलबाईची हजेरी वाढत होती. तिचं तिलाच नवल वाटत नव्हतं. बाकी सगळ्यांना वाटत होतं. आणि त्यामुळेच चष्मेवालीला झोप लागेना. लपूनछपून हे किती दिवस चालवायचं? बाईंना कळलं तर एकाला काढतील, तेही परीक्षेच्या तोंडावर. त्यापेक्षा आपणच बाजूला व्हावं. आठव्या शुक्रवारी तिने लिहिलं : मी काम सोडते. तुम्ही राहा, तिला तुमची सवय झालीय. त्याने लिहिलं : गणित माझ्याने होणार नाही. मी सोडतो, तुम्ही राहा. यावरून दोघांचं निःशब्द भांडण झालं. चार चिठ्ठ्या खर्ची पडल्या आणि काहीच ठरलं नाही.

मंगळवारी वकीलबाई आली नाही. शाळेतही गेली नव्हती. शुक्रवारीही नाही. अजून चार दिवस असेच गेले की परीक्षेचा विषय संपणार होता.

शनिवारी सकाळी चष्मेवाली पत्ता शोधत इस्त्रीच्या दुकानाशी पोचली, तर दुसऱ्या बाजूने लिफ्टवाला येत होता. एकमेकांना न सांगता आले होते. आत गरम सुती कापडाचा वास भरलेला. मावशीने इस्त्री उभी केली आणि दोघांकडे बघितलं.

“या. दोघं एकदम? मला वाटलं एकेक करून याल, निरोप घ्यायला.”

वकीलबाई कोपऱ्यात शर्टांच्या घड्या घालत होती. तिने वर बघितलं नाही. इस्त्रीच्या टेबलावरच्या जाड कापडाखाली हात घालून तिने गुलाबी कागदांचा गठ्ठा काढला. एकही सुरकुती नव्हती. मावशीच्या हाताखालून गेलेले कागद ते. मग ती आढावा वाचून दाखवावा तशी, एका सुरात वाचू लागली. विद्यार्थिनीची प्रगती बरी. अपूर्णांक अजून कळलेले नाहीत. अर्ज योग्य मार्गाने करा...

चष्मेवालीला वाटलं, शेजारच्या कपड्यांच्या ढिगात शिरावं. चिठ्ठ्या गठ्ठ्यावर ठेवून लिहिलेल्या. पांढऱ्या प्रतीवर चिठ्ठ्यांतलं काहीच उमटलं नव्हतं, पण खालच्या कार्बनने इमानेइतबारे सगळं उतरवून घेतलं होतं.

“सगळ्या?” लिफ्टवाल्याने क्षीण आवाजात विचारलं.

“सगळ्या,” मावशी म्हणाली. “ताईंचं अक्षर जरा पुसट येतं. तुमचं मात्र ठसठशीत, काही वाया जात नाही. जिन्याने की लिफ्टने, ते मी तीनदा वाचून घेतलं.”

“मी दोन्ही दिवस आले नाही तर पत्रक भरत नाहीत,” वकीलबाई घडीकडे बघत म्हणाली. “पत्रक नाही तर पुढे काय झालं ते कळत नाही. म्हणून येत होते... आधी.”

“आणि नंतर?” चष्मेवालीने विचारलं.

“नंतर गणित यायला लागलं. तो तुमचा दोष.” तिने शेवटचा कागद टेबलावर ठेवला. त्यावर दोघांचं ‘मी सोडतो-सोडते’ निळ्या अक्षरांत एकमेकांवर चढून बसलं होतं. “कोण जाणार ते ठरलं असेल तर सांगून टाका. आधीचे तिघं न सांगताच गेले.”

इस्त्रीने एक वाफेचा उसासा टाकला.

“कोणीच जाणार नाही,” चष्मेवाली म्हणाली. “तुझा निकाल लागेपर्यंत आम्ही दोघं कुठेही जात नाही.”

“आणि नियम नऊ?”

“तो खाजगी संबंध निर्माण झाल्यास आहे. झालेलेच नाहीत.” तिने लिफ्टवाल्याकडे बघितलं. बघणं जमलं, आवाज जरा हलला. “झालेत का हो?”

लिफ्टवाला छताकडे बघत म्हणाला, “छे. मला तर या बाई नीट आठवतही नाहीत.”

मावशीने त्या दिवशी एका कॉलरवर इस्त्री इतका वेळ धरली, की गिऱ्हाइकाला नवा शर्ट द्यावा लागला.

सोमवारी वकीलबाई शाळेत गेली. पुढचे अडीच महिने दोघं काहीही न घडल्यासारखी वागली आणि वागता वागता दोघांचीही वजनं उतरली. पत्रकात यायचं : हजेरी समाधानकारक, वर्तन समाधानकारक. एकदा लिफ्टवाल्याने पंखाही समाधानकारक असल्याचं लिहिलं. गुलाबी प्रती फार नीरस झाल्याची तक्रार मावशीने दोनदा कळवली. तरी वकीलबाई येत राहिली, आता वाचण्यासारखं काही नसूनही. हजेरी भरली शहात्तर टक्के. परीक्षा झाली. गणितात त्रेचाळीस, बाकी सगळे विषय सुटले.

निकालाच्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी समन्वयक बाईंनी फाईल बंद केल्याचा शिक्का मारला. पाच एकवीसला दोघं जिन्यात होती. लिफ्टवाल्याने खिशातून कागद काढला, तोच तिने तो हातातून काढून घेतला.

“लिहून नका देऊ. तोंडाने सांगा.”

“इथे? बाईंना ऐकू जाईल...”

“जाऊ दे ना. मलाही एकदा ऐकू दे.”

त्याने सांगितलं. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना धीर देताना लागतो, त्या आवाजात सांगितलं. तीन मजल्यांवर गेलं. वाचनालयातल्या दोघातिघांनी पुस्तकातून मान वर काढली. चष्मेवाली म्हणाली, हो. मग त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हणाली, हो... आणि तिसऱ्यांदा म्हणायला तिला श्वास उरला नाही, कारण तोपर्यंत तिचा चेहरा त्याच्या ग्रीसचा वास येणाऱ्या शर्टात होता.

बातमी सांगायला दोघं पेढ्यांऐवजी स्वतःलाच घेऊन मावशीकडे गेली. मावशीने डोळे पुसले. वकीलबाई मात्र म्हणाली, बरं झालं, आणि कागद-पेन घेऊन कोपऱ्यात बसली. पुढच्या मंगळवारी कार्यालयात टपालाने एक अर्ज आला. अक्षर सुवाच्य होतं, समास सोडलेला होता.

प्रति,
समन्वयक, ‘शाळा सुटू नये’ कार्यक्रम.

विषय : उत्तीर्ण विद्यार्थिनीस अंशतः अनुत्तीर्ण ठरवणेबाबत.

महोदया,

मी सर्व विषयांत उत्तीर्ण झाल्यामुळे माझी फाईल बंद करण्यात आली आहे. नियम चौदाप्रमाणे उत्तीर्ण विद्यार्थ्यास शिक्षक व सोबती देता येत नाही, असे मला आता कळले. उत्तीर्ण होण्यापूर्वी याची कल्पना मला कोणीही दिली नव्हती. माझे शिक्षक व सोबती आता एकाच घरात राहणार असल्याने त्यांना शोधण्याचा कार्यालयास वेगळा त्रास होणार नाही. तरी माझा निकाल आठवड्याच्या इतर सर्व दिवशी उत्तीर्ण, आणि फक्त मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी अनुत्तीर्ण धरण्यात यावा, ही नम्र विनंती.