पुढची सीट

“तू उतर,” असं तिघांपैकी कोण म्हणालं? आमच्या गॅरेजातल्या धाकट्याने हे तिघांनाही विचारून पाहिलं होतं. तिघांनीही विषय बदलला. पोरांनो, हे ऐकीव नाही. घडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर बसून सांगितलेलं आहे.

त्याची अक्का चेलो वाजवायची. माणसाएवढं वाद्य, गुडघ्यांत धरून वाजवायचं. ती चेलो पेटीत घालून पाठीवर घेऊन निघाली की हा दारातून ओरडायचा, “निघाली नवऱ्याला घेऊन!” आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलेलं. चौघांचं मंडळ होतं, चेलो मंडळाचा. बाकीच्या तिघांची, म्हणजे दोन मास्तर आणि एका बाईंची, वाद्यं मांडीवर मावणारी. मागच्या हिवाळ्यात कार्यक्रमाहून परतताना सामानाने गाडी भरली. चेलो डिकीत थंडीने तडकेल, म्हणून त्याला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून. आणि तिथे बसलेल्या अक्काला उतरवलं. बसने ये म्हणाले. शेवटची बस कधीच गेली होती. ती चालत निघाली. वळणावर ट्रकने उडवली.

वर्षाने त्याच तिघांनी त्याच सभागृहात मैफल ठेवली. चेलोच्या गौरवाची! धाकट्याला विचारलं, ने-आण करशील का? मी म्हटलं, जाऊ नकोस. पण तो कसला ऐकतोय. वाटेत एखाद्याला तरी वाचा फुटेल, या आशेवर गेला.

नव्या मुलीने सुरेख वाजवलं म्हणे. तिघांनी भाषणं केली. चेलोचं लाकूड, चेलोचा खर्ज, चेलोचं वय. अक्का एका वाक्यात आटोपली, टाळ्यांच्या आधी. धाकटा मागच्या रांगेत दात-ओठ खात बसला होता.

परत निघाले तेव्हा जानेवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेबारा. नवी मुलगी तिच्या वडिलांबरोबर गेली. चेलो पुढच्या सीटवर, तिघे मागे.

ते वळण आलं. धाकट्याने पुन्हा विचारलं.

“कोण म्हणालं?”



आणि बंद पेटीतून सूर आला. एकच. जाड तारेचा. लांबत गेला...

“ते आधी पुढून काढ,” थोरले मास्तर कसेबसे म्हणाले.

त्याने गाडी थांबवली. पेटी तिघांच्या मांड्यांवर आडवी ठेवली. पुढची सीट रिकामी. गाडी निघाली.

टिंग. टिंग. टिंग.

पट्टा न लावता पुढे कोणी बसलं की वाजते, ती घंटी. लाल दिवाही लागलेला.

“दार लागलं नसेल...” मागून कोणीतरी म्हणालं.

दार लागलेलं होतं.

धाकट्याने हात लांबवला. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला. खटका बसवला.

घंटी थांबली.

मागून आवाज आला, “मी नाही म्हणालो.” मग दुसरा, “मी पण नाही.” मग बाई, रडत, “मी नाही रे...”

आता त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

थोरल्या मास्तरांच्या दारात गाडी उभी राहिली. आतला दिवा लागला. तिघांनीही पाहिलं. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. पुढे फुगून होता, माणसाभोवती असतो तसा. आणि अगदी हळू... वर... खाली...

तिघे पेटी मागेच टाकून उतरले आणि लांब उभे राहिले. पेटी घ्यायला कोणी पुढे येईना. शेवटी धाकट्यानेच ती काढली, आणि त्यांच्या दारात नीट उभी करून दिली.