कोरी मुदत चालणार नाही

"मुदत कोरी आहे," मी म्हटलं आणि अर्ज काचेखालच्या फटीतून परत सरकवला.

पलीकडच्या हाताने तो अडवला. हात ओला होता, म्हणजे बाहेर पाऊस असावा. आमचा रेकॉर्ड विभाग तळघरात आहे, तिथे हवामान लोकांच्या बाह्यांवरूनच कळतं.

"मुदत म्हणजे?"

"पेशंटची माहिती कोणाला द्यायची, कुठली द्यायची, कशासाठी द्यायची, सगळं लिहिलंय. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही. काचेवर पाटी आहे."

पाटी मीच लावलेली. 'मुदत कोरी असलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही.' लोक पाट्या वाचत नाहीत. याने वाचली, तीही मोठ्याने, शाळेत धडा वाचावा तशी.

"मी पुलापलीकडच्या व्यायामकेंद्रात फिजिओ आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन तुमच्याकडे झालंय. पाय किती वाकवायचा हे कळायला मला कागद हवेत. निदान एवढं तरी सांगा, स्क्रू घातलेत की सांधा बदललाय?"

"स्क्रू म्हटलं तरी ती माहिती, सांधा म्हटलं तरी ती माहिती."

"आणि तुम्ही नुसती मान हलवलीत तर?"

"तीही माहितीच."

तो गेला. या हॉस्पिटलमधून बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो. डॉक्टर, विमावाले, नातेवाईक, सगळे या खिडकीशी येतात आणि बहुतेक हात हलवत परत जातात. मागे मला कुलूप म्हणतात, समोर कुलूपताई. माझी तक्रार नाही. कुलपाचा राग चोरांपेक्षा घरच्यांनाच जास्त येतो, कारण किल्ली विसरलेले तेच असतात.

खिडकी बंद व्हायच्या वेळी तो परत आला. मुदतीच्या रकान्यात थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं: मी मरेपर्यंत.

"हे चालत नाही. तारीख लागते."

"मॅडम," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "आजोबांना तारीख विचारून येऊ? पण ते चिडतील हो..."

मी हसले. खिडकीवर बसून मी हसत नाही, पण त्या दिवशी हसले. मग सांगितलं की व्यायाम जितके महिने चालणार तितकीच मुदत घालायची, आणि ती आजोबांनीच स्वतःच्या हाताने घालायची.

"हरकत नाही. ते वर लिफ्टपाशी बसलेत."

"बरोबर आणलंत?"

"तुमची पाटी वाचून अंदाज आला होता."

*

त्यानंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमच्याच हॉस्पिटलात, आणि व्यवस्थित झालं. पुढचा व्यायाम घराजवळ करा म्हणाले, आणि घराजवळ पुलापलीकडचं ते एकच केंद्र होतं. यात माझा काहीही हात नव्हता. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण त्या वेळी कोणाचाच विश्वास बसला नाही.

आई शाळेत खेळाच्या तासाची बाई होती. कवायत चुकवायला मुलं पाय दुखतो म्हणायची, तेव्हा खरा लंगडा कोण आणि खोटा कोण हे ती मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायची. अशी बाई काठी टेकत माझ्या खांद्याचा आधार घेऊन केंद्राच्या पायऱ्या चढायची.

फिजिओची एक सवय मी पहिल्याच दिवशी टिपली. हात लावण्याआधी तो विचारायचा. "काकू, गुडघा धरू का?" दर वेळी विचारायचा, त्याच माणसाला, त्याच गुडघ्यासाठी. आई म्हणायची, "अरे, कालच धरलास की!" तो म्हणायचा, "कालची परवानगी काल संपली." मी पडद्याअलीकडे मासिक चाळत असायचे, आणि हे वाक्य ऐकलं की एकच पान पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागायचं.

व्यायाम झाला की आई पडद्यामागे गरम पिशवी घेऊन पडून राहायची. तेवढा वेळ आम्ही दोघं खिडकीपाशी बोलायचो. तिथे मलमाचा आणि रबराचा वास असायचा आणि पावसाने काच धूसर झालेली असायची.

"आईचा गुडघा कसा आहे?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

त्याने नजर खाली घेतली. "सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"नातेवाइकांना माहिती द्यावी का, या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलंय." हसू दाबायची त्याची धडपड मला दिसत होती. "मुदतही घातलीय. व्यवस्थित. तारीखवार."

घरी येऊन मी आईला झापलं. ती शांतपणे म्हणाली, "माझा गुडघा, माझी माहिती. रोज जेवताना हेच ऐकवतेस ना? ऐकलं मी."

आपलेच दात, आपलेच ओठ.

आठवडे गेले, महिने गेले. काठी काही सुटेना. मी वाईट वाटून घेत होते, आणि आठवड्यातल्या त्या दोन संध्याकाळींची वाटही बघत होते. दोन्ही एकदम. तो मला सगळ्यांसारखं कुलूपताई म्हणायचा नाही. "खिडकीबाहेर तुम्ही बरंच बोलता," एकदा म्हणाला.

"खिडकीत बोलायला पेशंटची लेखी परवानगी लागते."

"आणि इथे?"

"इथे... इथे मी माझ्याबद्दल बोलते."

"मग बोला ना," तो म्हणाला, आणि खिडकीच्या कठड्यावर रेलून उभा राहिला. मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, त्याचा कान माझ्याकडे होता तेवढं आठवतं.

*

मग मला पत्र आलं. पेशंटच्या माहितीबद्दल नवा कायदा लागू होत होता, आणि गावोगावच्या हॉस्पिटलांना तो शिकवायला मुख्य कार्यालयाला माणसं हवी होती. वर्षभर दुसऱ्या शहरात राहायचं. इतकी वर्षं तळघरात जे एकटीने धरून ठेवलं, ते मला वरच्या मजल्यावर, उजेडात उभं राहून सांगता आलं असतं. मला ते काम हवं होतं, अगदी मनापासून. पण काठी टेकणाऱ्या आईला एकटं सोडून कशी जाणार? तिला मी पत्राबद्दल सांगितलंही नाही. फिजिओला सांगितलं.

"नाही म्हणून कळवणार आहे," मी म्हटलं. "आईचा पाय असा..."

त्याच्या हातात गुंडाळायची पट्टी होती, ती सुटून जमिनीवर लांबच लांब उलगडत गेली. त्याने ती उचललीच नाही.

"कधी कळवायचंय?"

"शुक्रवारपर्यंत."

"शुक्रवारपर्यंत कळवू नका."

"का?"

"का ते... सांगता येत नाही."

तो वळून पडद्याआड गेला. त्याचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. घरी जाईपर्यंत माझ्या मनाने आईला होतील तेवढे सगळे रोग करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी, सगळे घरी गेल्यावर, मी कॉम्प्युटरवर आईचा नंबर टाकला. फाईलचं नाव समोर आलं. केंद्राकडून येणारा प्रत्येक अहवाल त्यात जमा होतो. फक्त बटण दाबायचं होतं. कोण कुठली फाईल उघडतं याची नोंद आपोआप होते, आणि ती नोंद तपासायचं काम कोणाकडे? माझ्याकडे. चोर मी, फौजदारही मी. मागच्याच वर्षी जावेची फाईल उघडून बघणाऱ्या एका नर्सला मी ताकीद दिली होती. ती रडली होती, आणि मी तिला पाण्याचा ग्लास देऊन सही घेतली होती.

कुंपणानेच शेत खायचं तर मग पाटी तरी कशाला? मी कॉम्प्युटर बंद केला. तशीच केंद्रावर गेले.

"एवढंच सांगा," मी दारातूनच म्हटलं. "गंभीर आहे का? नुसती मान हलवा."

तो खुर्च्या आवरत होता. थांबला. "तीही माहितीच," तो म्हणाला. हळू म्हणाला, टोमणा म्हणून नाही.

"मला माझेच नियम शिकवू नका! ती माझी आई आहे!"

"म्हणून तर विचारायचं ते त्यांनाच विचारा ना."

"ती सांगत नाही! ताकास तूर लागू देत नाही. तुम्हाला काय, तुमची आई थोडीच आहे?"

त्याला ते लागलं. तो पुन्हा खुर्च्या आवरू लागला. मी पायऱ्या उतरले तेव्हा रडत होते, आणि रागापोटी रडतेय असं स्वतःला बजावत होते. राग होताच. पण एवढं मागूनही जो माणूस बधला नाही, त्याच्याशिवाय इतर कोणाच्याही हाती मी माझं काही ठेवलं नसतं, हेही त्याच पायऱ्यांवर कळलं. प्रेम कळायची ही जागा काही बरी नव्हे.

*

गुरुवारी दुपारी खिडकीसमोर रांग होती. जिन्यावर पावलं वाजली, ठाक ठाक, कवायतीसारखी. लिफ्ट सोडून तळघराचा जिना कोणी एवढ्या झोकात उतरत नाही. मी मान वर केली.

आई होती. काठी नव्हती. तिच्या मागे, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा, फिजिओ.

आई रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिने काचेखालून अर्ज सरकवला. माहिती कोणाची: माझी. कोणाला द्यावी: मुलीला. कुठली: सगळी. कशासाठी: मूर्खपणा थांबवण्यासाठी. मुदत: आजची तारीख.

"कोणाचा मूर्खपणा?" मी विचारलं.

"दोघींचा. अर्ज बरोबर आहे ना? मग शिक्का मार. मागे लोक खोळंबलेत."

मी शिक्का मारला. आईने फिजिओला कोपराने पुढे ढकललं. "बोल रे आता."

त्याने घसा साफ केला. "पेशंटचा गुडघा ठणठणीत आहे. दोन महिन्यांपूर्वीच बरा झाला. व्यायाम थांबवायला मी तेव्हाच सांगितलं होतं."

रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, "अरे वा, छान!"

"आई!"

"ओरडू नकोस. केंद्रातल्या त्या खिडकीपाशी तू हसत होतीस. पडद्यामागे ऐकू यायचं मला. घरात कधी हसतेस अशी? म्हटलं, दुखू दे गुडघा अजून थोडे दिवस." मग तिचा आवाज खाली आला. "काल हा म्हणाला, काकू, मी कोणाला काही सांगणार नाही. पण तुमच्या लंगडण्याची किंमत मुलगी भरतेय. काय ते तिलाच विचारा. मी विचारलं, तर हा गप्प. तूच सांग आता, काय?"

मी पत्राबद्दल सांगितलं. काचेतून, रांगेसमोर. आईने ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "जातेस तू. आणि मी तुला सोडायला स्टेशनवर पळत येईन, बघ."

मग ती बाजूच्या बाकावर जाऊन बसली आणि मोठ्या आविर्भावाने भिंतीकडे बघू लागली. रांग सरली. फिजिओ तिथेच उभा होता.

"मी जाणार, हे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. "तुम्ही नुसते गप्प राहिला असतात, तर मी इथेच राहिले असते."

"हो."

"मग?"

"खोट्या माहितीवर राहिला असतात..." तो काचेवरच्या पाटीकडे बघत होता. "आणि एक सांगू? दोन महिन्यांपूर्वी काकूंना थांबा म्हणालो, तेव्हा मीही फार जोर लावला नाही. तुम्ही येत होतात ना. हे पेशंटच्या माहितीत येत नाही. ही माझी माहिती आहे, ती मी देऊ शकतो. मला तुम्ही फार आवडता."

मी शिक्का उचलला आणि परत जागेवर ठेवला. कुलपाला दुसरं येतं तरी काय?

"एक कोरा अर्ज द्याल?" त्याने विचारलं.

मी दिला. तो काचेच्या कठड्यावर वाकून लिहीत राहिला, अक्षर अगदी जपून. मग फटीतून सरकवला. माहिती: तुमचा फोन नंबर. कोणाला: मला.

"नंबर तर तुमच्याकडे आहे की," मी म्हटलं. "आईच्या कागदांवर. जवळचे नातेवाईक. इतके महिने आहे."

"तो काकूंच्या गुडघ्यासाठी दिलेला. दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. इतके महिने त्याच्या टेबलावर माझा नंबर होता, आणि एकदाही फोन वाजला नव्हता. मी पुढे वाचलं. कशासाठी: रोज बोलायला, तुम्ही तिकडे असताना. आणि आल्यावरही.

मुदतीचा रकाना कोरा होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो विसरला नव्हता. कान लाल झाले होते त्याचे.

"परत पाठवेल बघ तुला," आई बाकावरून म्हणाली. "चांगली ओळखते मी हिला."

मी नंबर लिहिला, सही केली आणि शिक्का मारला. त्याची प्रत फाडून फटीतून पुढे केली.

"हात धरू का?" त्याने विचारलं. फट लहान होती, तरी बोटं मावली.

"अगं, तारीख राहिली!" आई म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं.