उपकेंद्राचं कुलूप

त्या आठवड्यात थ्री फेजची लाइट रात्री बाराला यायची. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून मी आणि आदिनाथ त्याच्या शेतात विहिरीजवळ शेकोटी करून बसलो होतो. मोटारीच्या पेटीला आदिनाथनं आल्या आल्या कुलूप ओढून बघितलं, कारण आमच्या शिवारात हल्ली केबल आणि स्टार्टर दोन्ही चोरीला जातात. थोड्या वेळानं शेजारच्या शेतातून सिताराम आबा घोंगडी पांघरून आले. आबा एस.टी.त कंडक्टर होते. सुट्टे पैसे सोडले तर जगातल्या कशावरच त्यांचा भरवसा नाही.

बोलता बोलता आदिनाथच्या बायकोचा, निकिताचा विषय निघाला. तिला नववा लागला होता. हे दुसरं, म्हणून बाळंतपण सासरीच होतं.

"सेलूच्या सरकारी दवाखान्यात कशाला न्यायचं?" आदिनाथ म्हणाला. "गावात उपकेंद्र हाय, नर्सबाई हाय. तिथं झालं तरी सरकारचे पैसे खात्यावर येत्यात. आन तारीख अजून लांब हाय."

"आन रात्री कळा आल्या तर?" आबांनी विचारलं.

"नर्सबाईला फोन करायचा. किती लांब हाय ती?"

आबांनी शेकोटीत काटकी सारली. मग म्हणाले, "धम्मानंदला काय दिसलं ते तुमाला मालूम हाय का रे?"

धम्मानंद म्हणजे आबांचा मेव्हणा. गावात त्याची अ‍ॅपे रिक्षा आहे.

"भुताचं हाय का?" मी विचारलं.

"भूतबीत मी मानत न्हाई!" आबा एकदम चिडले. "बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस हाय मी. तथागतानं सांगितलंय, कुणी सांगतंय म्हणून मानू नको, स्वतः बघ. आता धम्मानंदनं स्वतः बघितलंय, तर मी काय करू? सांगतो. पण मधी हसायचं न्हाई."

आणि आबा सांगू लागले.

दगडाबाई आठवती ना तुमाला? आपली सुईण. तुमी दोघं बी तिच्याच हातावर पडलेले. आदिनाथ तर पायाळू. ती होती म्हणून निघाला, न्हाईतर आज माझं डोकं खायला इथं नसता.

तिची एक रीत होती. अडलेल्या बाईच्या घरात पाय टाकला की पहिला शब्द, "कुलपं काढा." पेटीचं काढा, कपाटाचं काढा. डब्यांची झाकणं काढा. वासरांची दावी सोडा, बाईची वेणी सोडा. घरातल्या गड्याचा करदोडासुद्धा सोडायला लावायची. गाठ म्हणून घरात ठेवायची न्हाई. म्हणायची, सगळं मोकळं झालं की बाई मोकळी होती. तवा मी तिला हसायचो. माझ्या तिन्ही लेकरांच्या वखताला करदोडा मात्र गपचूप सोडला.

मग सरकारची योजना आली. दारिद्र्यरेषेखालची बाई दवाखान्यात बाळंत झाली की सातशे रुपये. धम्मशीला गावची आशाताई झाली आन घरोघर सांगत फिरायला लागली. लोकांना वाटलं, आता दगडाबाई भांडती. कशाचं काय! ती धम्मशीलासंगंच फिरली. म्हणायची, "माझ्या हातात दोघी गेल्यात. तिथं डॉक्टर हाय, रक्त हाय. घरी करू नका, जावा." योजना चांगलीच हाय, मी आजबी म्हणतो. सातशे रुपयात काय येतं म्हणसाल, तर निमित्त येतं. सुनेला दवाखान्यात न्यायला सासूला काहीतरी निमित्त लागतंच.

मग दगडाबाईच्या पोटच्या लेकीची पाळी आली. पहिलटकरीण, माहेरी आलेली. जेठ महिना होता. रात्री कळा सुरू झाल्या तशी दगडाबाई तिला धरून उपकेंद्रावर घेऊन गेली.

दाराला कुलूप.

नर्सबाई सेलूला राहायची. फोन लागला, "निघालेच" म्हणली. धम्मशीला दुसऱ्या बाईसंगं परभणीला गेलेली. सरकारी गाडी दुसऱ्या गावाला. धम्मानंदच्या रिक्षाचं इंजिन उतरवून ठेवलेलं. धम्मानंद बिचारा सगळ्यांसंगं तिथं नुसता उभा. दगडाबाई पायरीवर बसली, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन. लोक म्हणले, "घरी चल, तूच कर की." जावई म्हणला, "घरी झालं तर दवाखान्याचे पैसे बुडतील." दगडाबाई म्हणली, "येतीच हाय नर्सबाई. थांबू."

जिनं सगळं गाव बाळंत केलं, ती थांबली. सातशे रुपयासाठी? मला न्हाई वाटत. घरी करू नका म्हणून तिनंच गावाला सांगितलं होतं. आपल्याच तोंडचा शब्द कसा मोडायचा, एवढंच तिच्या डोक्यात असंल. माणूस शब्दाला लय जपतं बाबांनो, नको तवा जपतं.

झुंजुमुंजू झाल्यावर नर्सबाई आली. चावी लावली. तवर लेक गेली होती. पोटातलं लेकरू बी.

दगडाबाई रडली न्हाई. तिनं ते कुलूप मुठीत धरलं होतं. सुईणीचा हात, तेल लावलेला. सगळं कुलूप तेलानं माखलेलं. तिला उठवायला गेलो तर कुलूप सोडंना. धम्मानंदनं एकेक बोट उकललं. आषाढात ती बी गेली. मला आजबी त्या बाईचं लय वाईट वाटतं.

आता धम्मानंदची रात्र. गेल्या सालची वेळ अमावस्या, सोमवती. इंग्रजी महिना म्हणशील तर डिसेंबरची तीस तारीख, दोन हजार चोवीस.

दिवसभर गाव शेतात, पूजेला आन जेवायला. भज्जी, उंडे, ताकातली आंबिल. संध्याकाळी धम्मानंदनं भुजंगरावाच्या घरची माणसं रिक्षानं घरी सोडली. रात्री बघतो तर त्यांची आंबिलाची रिकामी घागर रिक्षातच. साडेदहा झाले होते. म्हणला, सकाळी त्यांना लागंल, आत्ताच देऊन यावं. घागर खांद्यावर घेतली आन पायीच निघाला. वाट उपकेंद्रावरूनच जाती.

उपकेंद्राच्या पायरीवर बाई बसलेली. पाठमोरी. कुलूप हलवायली.

त्याला वाटलं, कुणाची तरी बाई अडलीय. म्हणला, "मावशी, नर्सबाई सणाला गेलीय. कुणाला न्यायचं का? रिक्षा आणू?"

बाईनं मान वळवली न्हाई.

कुलपाचा आवाज थांबला.

आन तेलाचा वास आला…

धम्मानंद पुढं चालायला लागला. मागं बघितलं न्हाई. म्हणतो, खांद्यावर घागर होती, मान कशी वळवणार? मी म्हणलं, रिकाम्या घागरीनं मान अडती का रे? तर रिक्षा पुसायला लागला.

भुजंगरावाचं दार सताड उघडं. अंगणात गाय मोकळी, वासरू मोकळं. दावी खाली पडलेली. कापलेली न्हाईत. सोडलेली.

हाक मारली तसा भुजंगराव उठला, दिवा लावला. कपाट उघडं. पेटी उघडी. पिठाचा डबा, डाळीचा डबा, लोणच्याची बरणी… झाकणं काढून शेजारी ठेवलेली. नीट ठेवलेली.

भुजंगरावाची बायको "चोर, चोर" करायला लागली. बघितलं तर डोरलं जागेवर, कापसाचे पैसे जागेवर. पेटीची चावी भुजंगरावाच्या करदोड्याला असायची. त्यानं कंबर चाचपली. करदोडा अंथरुणात पडलेला. गाठ सुटून.

त्यानं पेटीला परत कुलूप घातलं. दाबलं. खट.

सगळे बघायलेत.

खट.

उघडलं.

धम्मानंदनं घागर खाली ठेवली. त्याला दगडाबाईचा शब्द आठवला. म्हणला, "राजेश्री कुठं हाय?"

राजेश्री म्हणजे भुजंगरावाची लेक, बाळंतपणाला आलेली. आई म्हणली, "तिला काय झालंय? तारीख लांब हाय तिची. झोपलीय."

राजेश्री बाजेवर बसलेली. केस मोकळे, पाठीवर.

"वेणी मी न्हाई सोडली," ती म्हणली.

"पोट दुखायलंय का?" धम्मानंदनं विचारलं.

"न्हाई."

"मग काय होतंय? खरं सांग माय."

ती खाली बघायला लागली. "बाळ हलंना. दुपारपासून. सणाच्या दिवशी कशाला बोलावं म्हणून…"

आई म्हणली, "अमावस्येच्या रातीला पोटुशी बाई वेस ओलांडत न्हाई. सकाळी नर्सबाई येईल. इथं दाखवू, पैसे बी इथंच मिळतील."

धम्मानंद लय मऊ माणूस, तुमाला मालूम हाय. त्या रात्री तो ओरडला. "सकाळी चावी लावली तवा मी त्या पायरीवर होतो! बोटं मी उकललीत!"

धम्मशीलाला उठवलं. तिनं पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणली, "रिक्षा काढा."

मागं राजेश्री मधी, एका अंगाला आई, एका अंगाला धम्मशीला. भुजंगराव पुढं. उपकेंद्र आलं. पायरीवर कुणी न्हाई. कुलूप तसंच. बंद.

देवगाव फाटा मागं पडला. रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. थंडी म्हणजे हाडात शिरायली. राजेश्री हळूच म्हणली, "आई, कंबर चोळायलीस ते बरं वाटायलंय. हात ऊन हाय तुझा."

आई म्हणली, "मी कुठं चोळायले?"

धम्मशीलानं आपले दोन्ही हात वर करून दाखवले.

…

धम्मानंदनं रिक्षा अजून जोरात पळवली.

…

रिक्षात तेलाचा वास.

…

सेलूचे दिवे दिसले तवा हात निघाला. राजेश्री अजूनबी असंच सांगती.

डॉक्टरीणबाईनं तपासलं आन लगेच ऑपरेशनला घेतलं. पोरगी झाली. निळी पडलेली. लय वेळानं रडली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणली, नाळेला गाठ होती. अशी गाठ आवळली की लेकरू राहत न्हाई, आन ही आवळलेली होती, नाळेवर तिचा वळ हाय. पण मी बघितलं तवा सैल होती. कशी सुटत आली, ते म्हणली मला सांगता येत न्हाई.

भुजंगरावाच्या बायकोनं खात्यावर पैसे आल्यावर त्यातनं लुगडं-चोळी घेतली. सुईणीचा मान. उपकेंद्राच्या पायरीवर ठेवून आली. सकाळी लुगडं तिथंच, घडी न मोडलेली. दगडाबाईला लुगडं नको होतं रे.

आता मुद्द्याचं ऐक, आदिनाथ. त्या रात्री गावातलं एकूण एक कुलूप उघडलं होतं. दुकानाचं, शाळेचं, ग्रामपंचायतीचं, देवळातल्या दानपेटीचं बी. कुणाचा रुपया गेला न्हाई. फक्त उपकेंद्राचं तेवढं उघडलं न्हाई. जित्तेपणी तिला उघडलं न्हाई, मेल्यावर बी न्हाई. सरकारी कुलपापुढं मेलेल्या माणसाचंबी काही चालत न्हाई बघ. अजून कधी पहाटं जाऊन हात लावा. कुलूप बंद असतं आन तेलानं ओलं असतं.

आबा थांबले. शेकोटी बसत आली होती. आदिनाथ हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आबा, धम्मानंद मामानं त्या दिवशी आंबिलच पिली होती ना? का दुसरं काही?"

आबांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

तेवढ्यात खांबावरचा बल्ब लागला. लाइट आली होती. आदिनाथ खिशातून चावी काढत पेटीकडं गेला आणि पेटीसमोर नुसताच उभा राहिला.

"दत्ता," त्यानं मला हाक मारली. "कुलूप तू काढलं का?"

"चावी तुझ्याकडं हाय."

तो चावीकडं बघत राहिला. पेटीच्या कडीत कुलूप उघडं लोंबत होतं.

"घरी फोन लाव," आबा म्हणाले.

आदिनाथनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्याच्या आईनं उचलला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. आदिनाथ एवढंच म्हणाला, "कोणत्या गाई सुटल्यात?… आई, गाई राहू दे. निकिताला उठव. तिला उठव आधी…"

त्यानं गाडीला किक मारली. आबा घोंगडी तिथंच टाकून मागं बसले. "धम्मानंदच्या दारावरून घे," ते म्हणाले, "उपकेंद्राकडं वळू नको." गाडीचा दिवा बांधावरून रस्त्याला लागला आणि मग दिसेनासा झाला.

मोटार चालू करायचं मला सुचलं नाही. निदान पेटी तरी बंद करावी म्हणून मी कुलूप हातात घेतलं. दाबलं, पण ते बसेना. बोटं सारखी घसरत होती. एवढ्या थंडीत ते लोखंड कोमट होतं, आणि माझा तळवा तेलानं माखला होता.