सीडी अजून गरम होती

ही गोष्ट खरी आहे. मी तिथे होते, माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून सांगतेय. पटलं तर घ्या.

ज्यांना सांगितली ते सगळे आधी हेच विचारतात, "रात्री किती वाजता झालं?"

रात्री नाही.

दुपारी झालं. मे महिन्यातल्या भर दुपारी, कोराडीला, माझ्या मामांच्या घरी.

माझं नाव भूमिका. मी आणि माझे मिस्टर सुशील नागपुरात राहतो. माझे मामा, रुपराव, कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. तिथल्या आवाजानं त्यांचे कान थोडे गेले आहेत. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉलनीच्या मागं दोन खोल्यांचं घर बांधलं. मूलबाळ नाही. प्रेमिलामामी मागच्याच्या मागच्या वर्षी गेली.

आजूबाजूची घरंही एकेक करून बंद झाली. कोणी मुलाकडे पुण्याला गेलं, कोणी नागपुरात. मामांच्या ओळीत संध्याकाळी एकच दिवा लागायचा. सकाळी अंगण झाडलं तरी दुपारपर्यंत वीज केंद्राच्या राखेचा बारीक थर बसायचा.

त्या राखेवर पाऊल मात्र कोणाचंच नसायचं.

आम्ही कितीदा म्हटलं, मामा, आमच्याकडे या. ते "पाहू" म्हणायचे.

मामी भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याची, गाणी फार सुंदर म्हणायची. कॉलनीतल्या कितीतरी पोरींना तिनं ती शिकवली. मामांनी एकदा घरच्या कॉम्प्युटरवर तिची गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. आता त्यांना त्याची सीडी हवी होती. टीव्हीला जोडलेल्या डीव्हीडी प्लेअरवर, मोठ्या आवाजात ऐकायला.

"मोबाईलवर देते ना टाकून," मी म्हटलं.

"मोबाईलचा आवाज माह्या कानाले पुरत नाही वं."

"मग पेनड्राइव्ह?"

"त्या डीव्हीडीवाल्याले थे भोकच नाही!"

मग मामांनी नागपुरातल्या सीताबर्डीच्या एका टपरीवरून सीडी राइट करायचं सॉफ्टवेअर आणलं. आणि तिथून सगळं सुरू झालं.

रोज त्यांचा फोन. आज ते अर्ध्यात अडकलं. आज लाल चौकट आली. आज कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. सीडी आत जायची, लाइट लुकलुकायचा, आणि शेवटी मेसेज यायचा की सीडी खराब झाली. मामांनी त्या खराब सीड्या अंगणातल्या पेरूला बांधल्या, पाखरं येऊ नयेत म्हणून.

एका रविवारी मी कोराडीच्या बसमध्ये बसले.

कूलर घरघरत होता. मामा बनियनवर, चष्मा कपाळावर, कॉम्प्युटरसमोर.

"काढून टाक वं हे. डोकं उठलं माहं."

मी सॉफ्टवेअर काढायला घेतलं. निघालं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला...

ते परत तिथेच.

पुन्हा काढलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा तर काढूच देईना. म्हणे, हा प्रोग्रॅम वापरात आहे, आधी तो बंद करा. मी स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. काहीच उघडं नव्हतं.

कंटाळून मी कॉम्प्युटरच बंद करायला गेले. तेव्हा स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली. अर्थ असा...

या कॉम्प्युटरवर दुसरं कोणीतरी अजून काम करत आहे. आत्ता बंद केलात तर त्यांचं काम वाया जाईल.

"काय म्हनते?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं.

 मामांनी खोलीभर पाहिलं. खाटेवर माझी पर्स. कोपऱ्यात कूलर. पलीकडे रिकामं स्वयंपाकघर.

"दुसरं कोन?"

"अहो, दोन जणांची खाती असली की येतो असा मेसेज."

हे बोलता बोलता मी खाती उघडून पाहिली. एकच होतं. मामांचं.

मी सीपीयूचं बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली.

मामा चहा ठेवायला उठले. दाराशी थांबले.

"काम वाया गेलं असंल का वं तिचं?"

"कोणाचं, मामा?"

ते आत गेले. स्टोव्हचा आवाज आला फक्त.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज इतका खुशीत होता की मी आधी ओळखलाच नाही.

"जमलं वं! आपोआप जमलं! दुपारी जरा पडलो होतो. आवाज आला तं पायलं. ट्रे बाहेर आला होता. सीडी अजून गरम होती!"

"आणि गाणी?"

"तू ये. आयक."

मी गेले. मामांनी ती सीडी लावली, टीव्हीचा आवाज मोठा केला.

आधी नुसती घरघर.

मग भांड्याचा आवाज. मग खोकला.

तो खोकला मामांचा होता... आणि ती घरघर आमच्या मागच्याच कूलरची. सीडीत मामीचं गाणं नव्हतंच. सीडीत ही खोली होती. मामा झोपलेले होते आणि त्यांचं घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं.

मग कोणीतरी गुणगुणायला लागलं.

बाईचा आवाज. चाल भुलाबाईच्या गाण्याचीच.

मामांचे डोळे भरून आले. "पाय... थेच हाय."

 मामीचा आवाज मला माहीत होता. तिनं अंगणात म्हटलं तर अख्ख्या ओळीला ऐकू जायचं. हा आवाज बारीक होता. थोडं म्हणायचा, चुकायचा, थांबायचा. परत पहिल्यापासून सुरू करायचा.

कोणीतरी ती चाल शिकत असल्यासारखं.

"मामा, माइक कुठंय?"

"माइक? त्याची तार उंदरानं कुरतडली. कवाचाच फेकला."



त्या दिवशी निघताना मी मामांना म्हटलं, माझ्याबरोबर चला. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आता कसा येऊ? थे एकटी राहीन ना."

ओट्यावर चहाचे दोन कप उपडे घातले होते. मी आल्या आल्या पाणी प्यायले होते फक्त. चहा घेतला नव्हता.

मी घरी येऊन सुशीलला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारा माणूस आहे, एकटा आहे, होतात असे भास. मी म्हटलं, मग मी काय ऐकलं?

मामा आता चौकात जात नव्हते. जुन्या सोबत्यांनी हाक मारली तरी दार उघडत नव्हते. दुपार झाली की ट्रेमध्ये कोरी सीडी ठेवायची आणि खाटेवर पडून वाट बघायची. फोनवरही घाईत असायचे. "ठेवतो वं, येळ झाली," म्हणायचे.

पुढच्या रविवारी मी ठरवूनच गेले. काहीही झालं तरी त्यांना घेऊन यायचं.

बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आम्ही दोघं खाटेवर बसलो होतो. कॉम्प्युटरला कोणाचाच हात नव्हता. माउससुद्धा हलला नव्हता.

खर्रर्र...

ट्रे बाहेर आला.

आमच्या डोळ्यांसमोर. कोणी तळहात पुढं करावा तसा.

मामा लहान पोरासारखे उठले. सीडी त्यांनी माझ्या हातात दिली. गरम होती.

प्लेअरमध्ये लावली.

यावेळी घरघर नव्हती. खोकला नव्हता. काहीच नव्हतं. इतकी शांतता, की मला वाटलं सीडी कोरीच आहे. मामांनी आवाज वाढवला. अजून वाढवला.

आणि अगदी जवळून... कानाशी तोंड आणून बोलावं तसं...

"रुपराव."

थोड्या वेळानं पुन्हा. जरा वेगळ्या सुरात. नाव तोंडात बसतंय का ते बघावं तसं.

"रुपराव."

मामांच्या हातातून रिमोट पडला. 

"हे प्रेमिला नाही," ते म्हणाले.

"मामा..."

"लग्नात उखाण्यात घेतलं असंल थे घेतलं. त्याच्यानंतर तिनं माहं नाव कदीच घेतलं नाही वं. 'अवो, आयकलं का' म्हने मले. मरेपर्यंत तेच म्हने." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मंग इतके दिवस हे कोन हाय माह्या घरात?"

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"काढ," ते म्हणाले. "काढून टाक आत्ताच."

मी बसले.  सॉफ्टवेअर काढायचं नक्की का, असं स्क्रीनवर आलं. मी 'हो' दाबलं. पट्टी सरकत गेली. या वेळी कुठेच अडकली नाही. शेवटी मेसेज आला, प्रोग्रॅम काढून टाकला आहे. स्क्रीनवरचं त्याचं छोटं चित्रही गेलं.

मी सुटकेचा श्वास सोडला. कॉम्प्युटर बंद करायला गेले.

दुसरं कोणीतरी अजून काम करत आहे.

तीच ओळ. प्रोग्रॅम गेला होता... आणि ती ओळ तिथेच.

मामा पुढं झाले. त्यांनी स्क्रीनसमोर हात जोडले.

"बाई, तू जे कोनी असशीन... मी तुले माही बायको समजलो. माहं चुकलं. आता जा बापा."

ट्रे बाहेर आला. रिकामा.

तसाच उघडा राहिला.

मला सहन झालं नाही. मी भिंतीतून प्लगच उपटला. स्क्रीन गेली, सीपीयूच्या पंख्याचा आवाज गेला. वायर माझ्या हातात होती.

आणि मग ट्रे... हळूहळू... आत गेला.

आम्ही तिथे थांबलो नाही. मामांचे चार कपडे पिशवीत कोंबले. मागचं दार आतून लावलं, पुढच्या दाराला कुलूप घातलं. रस्त्यापर्यंत मामांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर मामा आमच्याकडेच राहिले. पण रमले नाहीत. सुशील ऑफिसला, मी शाळेत. दुपारभर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. आम्ही आलो की जेवायचे, आपल्या बिछान्यावर जायचे. मामीच्या गाण्यांचं नाव काढत नव्हते.

दिवाळीनंतर एक दिवस मी शाळेतून आले तर घरात मामा नाहीत.

दिवेलागणीला आले. चपलांवर राख होती.

"कोराडीला गेले होते?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. पाणी मागितलं.

"घरात गेले?"

"कुलूप उघडलं वं. दार नाही उघडलं."

"म्हणजे?"

"आतून कडी लावली हाय."

सुशील उठलाच. "चोर शिरला असेल. मागच्या दारानं गेला असेल. चला, पोलिसांना सांगू."

"मागचं बी तसंच बंद हाय, जवाई. मी फिरून पायलं." मामांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "नका जाऊ. राहू द्या तिले."

"मग एवढा वेळ तुम्ही तिथं काय करत होते?" मी विचारलं.

"पायरीवर बसलो. इकडचं तिकडचं सांगितलं."

"कोणाला?"

मामांनी पेला खाली ठेवला. बोटांनी त्याची कड पुसली.

"लय दिवसांनी कोनी मधात न बोलता पुरं आयकलं वं माहं."

आता मामा अधूनमधून जातात. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं. आता मुकाट्यानं डबा भरून देते. "भाकरी जास्त ठेव," म्हणतात.

मामा अर्धी भाकरी खाणारे. घरात त्याच्यावर एक घास घेत नाहीत.

संध्याकाळी डबा येतो तो पार रिकामा असतो. घासून, धुऊन, पुसून ठेवलेला.

आणि कुलूप उघडतं, पण दार अजून उघडलेलं नाही, असं मामाच सांगतात.