नाव सांगितल्याशिवाय निरोप नाही

रात्रीची जेवणं झाली की दापोडीच्या त्या चाळीतली पोरं अर्जुनरावांच्या ओट्यावर जमत. सगळी नुकतीच पिंपरीच्या कारखान्यांत लागलेली, त्यामुळे भुताबितावर कुणाचाच विश्वास नव्हता. त्या रात्री एकाने सहज विचारलं, नदीकडच्या त्या मोठ्या बंगल्याला कुलूप का हो?

अर्जुनरावांनी तंबाखूची चिमूट दाढेत धरली आणि कंदिलाची वात खाली केली. "ऐकीव सांगत नाही. आपल्या भिंतीला भिंत लागून ज्योतीराम राहायचा, त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. आता तो चऱ्होलीला शेतावर असतो आणि रात्रीसुद्धा घराला कडी लावत नाही. का, ते ऐका. आणि मध्ये दात काढायचे नाहीत."

गोष्ट मागच्या पौषातली. अमावास्येची आदली रात्र, शनिवार.

त्या संध्याकाळी ज्योतीराम खडकीला बर्फ आणायला गेला होता. गोणपाटात गुंडाळलेली लादी सायकलला मागे बांधायची आणि पाणी व्हायच्या आत बंगल्यावर पोचवायची, हे त्याचं शनिवारचं ठरलेलं काम. थंडी मी म्हणत होती, तरी गड्याला घाम फुटला होता. बर्फ मागच्या दाराने आत दिला, मिशा पुसल्या, पितळी बटणांचा कोट चढवला आणि तो पुढच्या दारावर दरवान म्हणून उभा राहिला. तिथे उभा राहिला की ज्योतीराम कुणाच्या बापाचा नव्हे.

मुलखात दारूबंदी, पण कारखाने उभारायला आलेल्या परदेशी इंजिनेरांना सरकारी परमिट होतं. त्यांच्यासाठी त्या बंगल्यात बार काढलेला. साधी दारू पिणारे ते नव्हेत. चार बाटल्यांतलं थोडं थोडं एका भांड्यात ओतायचं, बर्फ घालून घुसळायचं आणि वर लिंबाची साल टांगायची. त्याला म्हणे कॉकटेल. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर बायकोने भांड्यासकट घराबाहेर काढला असता! आणि तिथे जायचं म्हणजे काय थाट. दुपारी फोन करून नाव कळवायचं, रात्री दारावर परमिट दाखवायचं, अंगात कोट हवा, गळ्यात टाय हवा. एक बडा कंत्राटदार रेशमी धोतर नेसून आला होता, बोटांत हिऱ्याच्या अंगठ्या. ज्योतीरामने झडपेतूनच हात जोडले आणि त्याला परत धाडला. महिनाभर तो हे सांगत फिरत होता.

दाराला माणसाच्या तोंडाएवढी झडप होती. आधी झडप उघडायची, नाव विचारायचं, मग दार. आतल्या नोकरांसाठीही नियम कडक. आधीचा दरवान एका बाईच्या रडण्याला भुलला होता. तिच्यासाठी दार उघडलं, तर तिच्यामागून बिनपरमिटाचे दोघे आत घुसले. परवाना जाता जाता राहिला, दरवान मात्र गेला. तेव्हापासून म्यानेजरने बजावलं होतं, कुणा नोकराला भेटायला कुणी आलं तर त्या नोकराचं नाव सांगितल्याशिवाय निरोप आत जाणार नाही.

आत पेले भरायला बन्सी होता. लातूरकडचा, विशीतला, अबोल पोरगा. हैदराबादच्या क्लबात काम शिकलेला. सासरा माळकरी, म्हणून घरी त्याने सांगितलं होतं की पिंपरीला कंपनीच्या हापिसात नोकरी आहे. आपल्या पलीकडच्या चाळीत राहायचा, तिथल्या माणसांनाही तेच ठाऊक. बंगल्यावर घरचं काही बोलायचा नाही आणि घरी बंगल्याचं काही बोलायचा नाही. भित्रा होता बिचारा, वाईट नव्हता.

त्या रात्री एका साहेबाला निरोप द्यायची मेजवानी होती. मोटारी लागल्या, आत बाजा सुरू झाला. सगळे पाहुणे आत गेल्यावर ज्योतीरामने अडसर घातला आणि तो स्टुलावर टेकला.

दारावर टकटक झाली. अगदी हलकी.

त्याने झडप सरकवली. दिव्याच्या उजेडापलीकडे एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, खाली मान.

"ह्यांना बोलवा," ती म्हणाली.

"ह्यांना म्हंजी कुनाला, बाई?"

"आतमधी हायत."

"आतमधी धा जन हायती. नाव सांग."

तिने पदर आणखी पुढे ओढला. ज्योतीरामला हसू आलं. त्याच्या घरी त्याची बायको सावित्रीबाई तेच करायची. तिने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर शेजारणीला पुढे करायची. म्हणून तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "बरं, नवऱ्याचं नगं घेऊ. पोराबाळाचं घे. अमक्याचा बाप म्हन, मी वळखतो."

"पोरगी हाय."

"मग तिचं नाव सांग की."

"नाव न्हाई ठिवलं अजून."

"का गं?"

"आजच झाली."

ज्योतीरामचं डोकं फिरलं. आज बाळंत झालेली बाई थंडीत, अंधारात, नदीकाठी चालत येते? याला भुलूनच आधीच्याची नोकरी गेली. "मस्करी करती व्हय? नाव न्हाई तर निरोप न्हाई. जा घरी!" आणि त्याने झडप लावली.

ऐकणाऱ्या पोरांपैकी एक न राहवून म्हणाला, "पण त्याने आत जाऊन एकदा विचारायचं तरी!"

"शहाणाच आहेस," अर्जुनराव म्हणाले. "पोटावर पाय आला की माणूस आधी नोकरी बघतो. तूही तेच केलं असतंस."

झडप लावून ज्योतीराम बसला खरा, पण त्याला चैन पडेना. बाहेर सगळी खडी अंथरलेली. मांजर गेलं तरी करकर वाजायची. बाई गेली, तर पाय वाजायला हवे होते.

वाजले नव्हते.

आली तेव्हाही... वाजले नव्हते.

पुन्हा टकटक.

त्याला उठवेना. आत बाजा चालला होता, साहेब लोक हसत होते. त्याने हात लांब करून झडप उघडली. ती आता दाराशी होती. दिवा डोक्यावर, तरी पदराखाली तोंड दिसत नव्हतं.

"ह्यांना बोलवा... पोर रडतीया."

"बाई... कोन हाईस तू?"

"तिला कुनी न्हाई. ह्यांना बोलवा."

ज्योतीरामने झडप लोटली. देवाचं नाव घ्यायला गेला, तेही आठवेना. पण झडपेआडून हुंदका आला... आणि पोरांनो, त्या हुंदक्यात भीती घालण्यासारखं काही नव्हतं. आपल्या लेकराची काळजी होती, एवढंच. भीत भीत त्याने स्वतःच झडप परत उघडली.

"बाई, येकडाव नाव घे. येकडावच. म्या कुनाला सांगनार न्हाई."

ती उभी.

तो उभा.

आतला बाजा थांबला. कुठे कुत्रं नाही, नदी नाही...

मग तिने मान आणखी खाली घातली. लाजेने मरून जावं, तशा आवाजात म्हणाली,

"बन्सी."

ज्योतीरामने पापणी मिटली आणि उघडली. समोर खडी होती आणि दिव्याचा उजेड होता.

तो तसाच आत धावला. दरवानाने गालिच्यावर पाय ठेवायचा नाही असा हुकूम होता, पण तो साहेबांच्या मधून थेट गेला. बन्सी भांडं घुसळत होता.

"बन्सी, चल भाईर. तुजी बायकू आलीया."

"माझी? तिला हितलं ठावच न्हाई."

"आरं, तुजं नाव घेतलं तिनं. माज्या कानानं ऐकलं."

बन्सी हसला. ते हसणं ज्योतीराम अजून विसरला नाही. "मग ती दुसरी कोणी असंल, भाऊ. गवरा मरंल, पण माझं नाव घ्यायची न्हाई."

बोलला... आणि त्याचेच शब्द त्याला ऐकू आले. हातातलं भांडं खाली पडलं.

दार उघडं टाकून दोघे धावले. रूळ ओलांडून, इकडे दापोडीत, त्या पलीकडच्या चाळीत. बन्सीच्या खोलीत दिवा होता, बायका होत्या. शेजारची तानाबाई उंबऱ्यात बसली होती. त्याला बघताच तिने कपाळ बडवलं.

"कुठं व्हतास रं? सांजच्यापारी तुज्या हापिसात मानूस धाडला, तर थितं तुला कुनी वळखंना! दिस भरलं नव्हतं, अवचित कळा आल्या. दिवेलागनीला गेली रं गवरा. 'ह्यांना बोलवा, ह्यांना बोलवा' करत गेली."

बन्सी तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. "मी खोटं बोललो गं," एवढंच म्हणत राहिला. ज्योतीराम दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. दोनदा आपण तिच्या तोंडावर झडप लावली, आणि जन्मात न घेतलेलं नाव मेल्यावर तिला घ्यायला लावलं. त्याचं काळीज फाटलं. त्या घटकेला त्याने पितळी बटणांचा कोट काढून तिथेच टाकला. त्या उघड्या टाकलेल्या दारापायी पुढे परवाना गेला आणि बंगल्याला कुलूप लागलं, पण तो तिकडे फिरकला नाही.

मग त्यानेच तानाबाईला विचारलं, "आन पोर?"

तानाबाई कोपऱ्याकडे बघायला धजत नव्हती. मुठीएवढी पोर, सांजेपासून टाहो फोडून रडत होती. शेळीच्या दुधाची वात तोंडात धरली तर थुंकून टाकत होती. घटकाभरापूर्वी एकदम गप्प झाली. बायकांना वाटलं, आईमागं गेली. म्हणून कुणी हात लावला नव्हता.

बन्सीने फडकं बाजूला केलं. पोर गाढ झोपली होती. पोट वरखाली होत होतं. छान पोटभर प्यायलेलं लेकरू झोपतं, तशी.

"कुनी पाजलं हिला?" तानाबाईने विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्यात अंगावर पाजणारी कुणीच नव्हती.

ज्योतीराम आत आला आणि दिवा घेऊन वाकला. पोरीच्या ओठाच्या कडेला दूध होतं. पांढरंशुभ्र, अजून ओलं.