घरघरीतला सा

एकच चाल. तेच सूर, तोच क्रम, तसलीच गिटार. ती ऐकून अनीसला रडू येतं आणि मिथिलाला जिलबी खावीशी वाटते. आता बोला.

मिथिला राहायची सेरेसवर (मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एक बुटका ग्रह). वस्ती बर्फाच्या पोटात खणलेली. माणसं पुष्कळ होती, पण सगळी मोठी आणि सगळी कामात. आई-बाबा बर्फाच्या बोगद्यात ड्रिलवर असायचे. घरी आले की इतके दमलेले असायचे की जेवता जेवता त्यांचे डोळे मिटायचे, आणि तिथं वजन म्हणजे अगदीच नावाला, त्यामुळे आईच्या हातातला घास तोंडाशी यायच्या आधीच हवेत निवांत खाली उतरत राहायचा. मिथिला तो झेलायची आणि स्वतः खायची. बोलायला मात्र कुणी नसायचं. वस्तीत ती एकटीच लहान.

नाही म्हणायला तपासराव होते. वस्तीनं पृथ्वीवरून मिथिलासाठी संगीत शिकवणारा यंत्रमानव मागवला होता. खोकं उघडलं तर आत बटाटे तपासणारा निघाला. परत पाठवणं म्हणजे जन्माचं काम, म्हणून त्याच्या गळ्यात 'संगीत' अशी पाटी अडकवली आणि त्याला कामावर घेतलं. पृथ्वीवर कुठल्यातरी गोदामात खरा संगीतशिक्षक आज बटाट्यांकडून सरगम घोटून घेत असणार.

आणि दुसरा होता अनीस. अनीस मुजावर, मूळचे मिरजेचे, आता मुक्काम फोबॉस (मंगळाचा एक चंद्र). तोही तिथं एकटाच मुलगा. दोघांची ओळख फक्त आवाजाची. मधे इतकं अंतर होतं की इकडून "काय करतोयस" म्हटलं की ते तिकडं पोचायला अर्ध्या तासावर वेळ जायचा, आणि "काही नाही" हे उत्तर यायला तेवढाच. तरी मिथिला त्या "काही नाही"ची वाट बघत बसायची.

परवा अनीसनं ही चाल पाठवली. सोबत एवढंच बोलला, "ताई शिकायला पृथ्वीवर गेली. तिचं यान दिसेनासं झालं तेव्हा बनवलीय. ऐक."

मिथिलानं ऐकली. चाल कशी, तर शाळेची सहल निघाल्यासारखी. टुणटुणीत. ती हसली आणि हसत हसतच बोलून बसली, "काय रे, ताई गेल्याचा भलताच आनंद झालेला दिसतोय तुला. खोली मिळाली वाटतं."

उत्तर आलं ते चार शब्दांचं. "तुला काय कळणार, जा." त्यानंतर काही नाही. साधं "काही नाही" सुद्धा नाही.

त्यात सूर्य आडवा येत होता. सेरेस आणि फोबॉसच्या बरोबर मधे तो आला की संदेश बंद, आणि तो बाजूला सरेपर्यंत बंदच. उद्या दुपारपासून. म्हणजे भांडण तसंच ठेवून कित्येक आठवडे गप्प बसायचं. मिथिलाला ते सहन होण्यासारखं नव्हतं. पण माफी मागायची तर कशाबद्दल? चाल तर खरंच आनंदी होती.

तिनं ती गिटारवर वाजवून बघितली. सहल. हळू वाजवली. हळू चाललेली सहल. चालीत रे सारखा येतोय असं दिसलं, म्हणून रे पासून रे पर्यंत सगळे सूर वरखाली घासून काढले. तरी सहलच.

"तपासराव, जरा बघा हो. ह्या चालीत दुःख कुठंय?"

तपासरावांनी चाल ऐकली, डोळ्यांचे दिवे लावले आणि म्हणाले, "सात सूर तपासले. सा रे ग म प ध नी. डाग नाही, कोंब नाही, हिरवेपणा नाही. माल उत्तम."

"माल उत्तमच आहे हो. पण त्याला तो रडका लागतो आणि मला हसरा."

"एकच माल दोन ठिकाणी वेगळा भरतो," तपासराव म्हणाले, "तेव्हा दोष पोत्याचा असतो. आधी पोतं काढा, मग माल बघा. नियम तिसरा."

"चालीला कुठलं आलंय पोतं?"

"सुरांबरोबर आणखी एक आवाज भरला जातो आहे. तो काढून येतो." असं म्हणून ते टुणकन उडी मारून गेले. तपासरावांना वस्तीतली सगळी दारं उघडी होती, कारण बटाटे कुठंही ठेवलेले असू शकतात असं कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी हवायंत्र बंद केलं (वस्तीतली हवा गाळून पुन्हा फिरवणारं यंत्र).

आणि मिथिला दचकली. काहीतरी नाहीसं झालं होतं. कळायला लागल्यापासून तिच्या कानात एक घरघर होती. झोपताना, जेवताना, आई-बाबांची वाट बघताना. इतकी सतत की ती आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. आता ती थांबली तेव्हा कळलं. खोली एकदम केवढी मोठी आणि रिकामी वाटायला लागली.

तिनं घाबरून गिटारच छेडली. अनीसची चाल. आणि चाल हसरीही नव्हती, रडकीही नव्हती. नुसती तरंगत होती, कुठं टेकावं ते न कळल्यासारखी.

तेवढ्यात धोक्याचा भोंगा सुरू झाला. भोंगा म्हणजे एकच लांबलचक सूर. बाहेर एकच पळापळ. घाईत उड्या मारणारी माणसं छताला थडाथड आपटून सावकाश खाली येत होती. कुणी दोघांनी मिळून एकच शिरस्त्राण घालायचा प्रयत्न चालवला होता. एकानं चुकून कुकर घातला होता आणि आता तो निघत नव्हता.

मिथिला मात्र जागच्या जागी बसून होती. तो भोंग्याचा सूर तिला ओळखीचा वाटला. जाड तारेपासून तिसरी तार तिनं मोकळी छेडली. तोच. रे. भोंगा रे वाजवत होता.

तिनं चाल पुन्हा धरली, भोंग्यावर. आणि तिच्या बोटांखाली एक यान लांब लांब जायला लागलं. कुणीतरी खिडकीशी उभं होतं आणि यान ठिपक्याएवढं होईपर्यंत हललं नव्हतं. मिथिलानं बाहीनं डोळे पुसले. एकही सूर बदलला नव्हता.

दार उघडून आक्का आत आल्या. डॉक्टर कुमुद हर्डीकर, हवायंत्राच्या मुख्य शास्त्रज्ञ. शिरस्त्राण उलटं घातल्यामुळे त्या भिंतीशी बोलायला लागल्या.

"कुणी बंद केलं माझं यंत्र?"

"मी," तपासराव मागून म्हणाले. "ते पोतं होतं."

आक्कांनी आधी जाऊन यंत्र सुरू केलं, भोंगा थांबवला, मग परत येऊन तपासरावांना जे बोलायचं ते बोलल्या, आणि मग मिथिलाचे डोळे बघून खाली बसल्या. मिथिलानं सगळं सांगितलं. सहल, ताई, भांडण, भोंगा.

"अगं, माझं यंत्र सा मधे घरघरतं," आक्का म्हणाल्या. "जन्मभर तुझ्या कानात सा वाजतोय. त्यामुळे कुठलीही चाल आली की तुझा कान म्हणतो, घर म्हणजे सा. फोबॉसचं यंत्र जुनं, वेगळ्या मापाचं. ते रे मधे घरघरत असणार. त्याचं घर रे."

"पण त्याच्या संदेशात घरघर नव्हती."

"संदेशयंत्र ती गाळून टाकतं. स्वच्छ यावं म्हणून. स्वच्छ चाल आली, आणि ऐकलीस ती माझ्या घरघरीवर."

"घर बदललं तर सूर तेच राहून चाल कशी बदलते?"

आक्कांनी गिटार घेतली. "हे बघ. सगळ्या पायऱ्या सारख्या उंच नसतात. सा ते रे दोन पडदे (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या). रे ते ग दोन. ग ते म एकच. मग म ते प, प ते ध, ध ते नी दोन दोन, आणि नी ते वरचा सा पुन्हा एक. आता सा ला घर मान. घरापासून तिसरी पायरी ग, ती किती लांब?"

"चार पडदे."

"आता रे ला घर मान. तिसरी पायरी?"

मिथिलानं मोजलं. रे, ग, म. "तीनच."

"जिना तोच. पण तू दुसऱ्या पायरीवर बिऱ्हाड केलंस, की लहान पायऱ्या भलत्याच जागी येतात. तिसरी पायरी जरा खाली आली, की मन पण जरा खाली येतं. याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात (सूर तेच ठेवून घर बदलायची युक्ती). गिटारवाले म्हणतात मेजर स्केलचे मोड. सा ला घर केलं तर बिलावल थाट (थाट म्हणजे सुरांचा साचा). रे ला काफी, ग ला भैरवी, म ला कल्याण, प ला खमाज, ध ला आसावरी."

"आणि नी?"

"नी मधे राहून बघ एकदा. पाचव्या पायरीवर टेकायला जावं तर ती पायरीच एक पडदा खाली. तिथं फार वेळ कुणी राहत नाही."

"पण मी रे पासून रे पर्यंत वाजवलं होतं. तरी सहलच झाली."

"नुसतं दुसऱ्याच्या दारापासून पळत सुटलं म्हणून ते आपलं घर होतं का? कान घरघरीतच होता ना. तिथला सूर सारखा वाजता ठेवायचा. फिरून यायचं ते तिथंच. गिटारला तर हे सोपं आहे. तुझ्या मोकळ्या तारा कुठल्या, सांग."

मिथिलानं जाड तारेपासून एकेक छेडली. ग, ध, रे, प, नी, परत ग. पाच घरं तर नुसती तार सोडली की उघडत होती. सा आणि म तेवढे दाबून धरायचे.

मग ती तपासरावांना घेऊन बटाट्याच्या थंड कोठीत गेली. तिथं घरघर पोचत नव्हती. तिसरी तार ती सारखी वाजती ठेवायची आणि तपासराव सोबत रे गुणगुणायचे. गुणगुणणं म्हणजे त्यांच्या पोटातली चाळण एका वेगानं फिरायची. हळूहळू रे हेच घर वाटायला लागलं. मग सा. मग पुन्हा रे. मधेच तपासरावांची चाळण घसरायची आणि एक बटाटा तिच्या डोक्यावर अलगद येऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं संदेश केला.

"अनीस, माझं चुकलं. आधी ही ऐक." तिनं सा दाबून धरला आणि त्याची चाल वाजवली. "मला अशी ऐकू आली होती. आमच्याकडं घरघर सा मधे आहे. म्हणून हसले. आता ही ऐक." तिनं रे ची तार मोकळी वाजती ठेवली आणि तीच चाल वाजवली. "ही तुझी. आता कळली. आणि तुमची घरघर न गाळता पाठवशील का?"

मग ती संदेशयंत्रासमोर बसली. सूर्य मधे यायला थोडाच वेळ राहिला होता. जाण्यायेण्याचा वेळ होऊन गेला. आणखी थोडा गेला. तपासराव येऊन शेजारी बसले.

दिवा लागला.

आधी नुसती घरघर आली. जाडीभरडी, मधेच खोकणारी, रे मधली. तिच्या मागं कुणाच्यातरी आईनं भांडं ठेवल्याचा आवाज. दार. पावलं. मग अनीस.

"काय गं, आम्हाला आमची घरघर माहीतच नव्हती. अम्मी म्हणते, कसली घरघर. गाळणी काढली तेव्हा तिला पण ऐकू आली." मग त्यानं गिटारची एक तार छेडली. "तुझ्या सा वाली चाल लई भारी आहे. ताई परत येईल ना, तेव्हा मी ती तुझ्या घरातून वाजवीन. आत्ता ही..."

पुढचं खरखरीत गेलं. सूर्य मधे आला होता.

मिथिलानं अनीसची घरघर कोठीत नेली, बारीक आवाजात लावली आणि गिटार मांडीवर घेतली. थोडा वेळ फोबॉसवर बसली. मग घरघर बंद करून तिनं जाड तारेपासून दुसरी तार मोकळी सोडली. ध. तपासरावांनी चाळण त्या सुरावर आणली. ह्या घरात काय आहे ते तिला अजून माहीत नव्हतं. सूर्य सरकायला वेळ होता, घरं सात होती, आणि तिनं आत्तापर्यंत दोनच आतून बघितली होती.