नदीकडचा खांब

१९३२ साली सिंहस्थासाठी नाशकात मोठी यात्रा जमणार होती. पटकीची भीती होती, म्हणून पालिकेने गोदावरीकाठच्या स्मशानात जास्तीच्या चितांसाठी पत्र्याच्या दोन तात्पुरत्या शेड उभारायला परवानगी दिली. मी तेव्हा पालिकेत ओव्हरसियर होतो. परवानगीच्या अटी पाळल्या जातात की नाही, हे पाहणं माझं काम. अट साधी होती. पाया खणायचा नाही, चुना-विटा वापरायच्या नाहीत. खड्ड्यात सागाचा खांब उभा करायचा आणि भोवती दगड ठोकून तो घट्ट करायचा, म्हणजे यात्रा संपली की उपटून नेता येतो.

ठेका निफाडच्या कारभारीचा होता. त्याचा भागीदार म्हणजे त्याचाच चुलतभाऊ वाल्मीक. काम सुरू होता होता वाल्मीक उसाच्या फडात मेलेला सापडला. अंगावर कुऱ्हाडीचे घाव होते. पोलिसांनी दरोडेखोरांचं नाव घेतलं. चिरफाडीसाठी प्रेत नाशिकला आणलं होतं, त्यामुळे दहनही इथेच झालं. वाल्मीकला मूल नव्हतं. अग्नी कारभारीने दिला.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. चितेभोवती पाण्याचं मडकं घेऊन फिरतात, तेव्हा त्या मडक्याला एका दगडाने भोक पाडतात. तो दगड म्हणजे जीवखडा. दहाव्यापर्यंत गेलेला माणूस त्या खड्यात राहतो, असं मानतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की खडा नदीत सोडायचा. मग माणूस मोकळा होतो. वाल्मीकचा खडा चिंधीत बांधून स्मशानाच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला होता.

तिथून तो नाहीसा झाला.

बायका स्मशानात येत नाहीत. वाल्मीकची बायको लंकाबाई मात्र रोज यायची आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला विचारायची. काळा दगड, मधून पांढरी शीर गेलेला. शेवटी बारकू नावाच्या मजुराने मान खाली घालून कबूल केलं. कोनाड्यात नुसताच दगड पडला होता, चिंधी नव्हती. टोकदार होता, म्हणून त्याने तो नदीकडच्या खांबाच्या बुडाशी ठोकून बसवला होता.

लंकाबाईने खांब उपटायला सांगितलं. कारभारीने ऐकलं नाही. वर पत्रे चढले होते, आणि पर्वणीच्या आत शेड पुरी झाली नाही तर परवानगी रद्द होणार होती. तिने माझ्याकडे पाहिलं. अटींमध्ये असल्या कारणासाठी काही सोय नव्हती, आणि मी तसंच सांगितलं.

"दगड तो दगड, वैनी," कारभारी म्हणाला. "दुसरा घेऊन दहावं करू."

त्यानंतर त्या खांबाजवळ माणसं बिघडू लागली. एकाच ताटलीत भाकरी खाणारे दोन मजूर तिथे सावलीला बसले होते. एकाने उठून दुसऱ्याच्या तोंडावर फावडं घातलं. दात जमिनीवर पडले. मारणारा स्वतःच रडत होता. भांडण कशावरून झालं, ते दोघांनाही सांगता येईना.

मग निसार सुतार मला बोलवायला आला. त्याने खांबावर तीन खाचा दाखवल्या. एक माणसाच्या मानेच्या उंचीला, एक खांद्याशी, एक त्याखाली तिरपी. लाकूड आतून ताजं, ओलसर दिसत होतं.

"माझ्या हत्याराची नाही ही खाच," निसार म्हणाला. "आणि साहेब, ढलप्या कुठायत? एवढं लाकूड गेलं कुठं?"

मी जमीन पाहिली. एकही ढलपी नव्हती. मजुरांपैकी कुणाचा तरी खोडसाळपणा, असं मी ठरवलं आणि निसारला खांब तासून सारखा करायला सांगितलं. त्याने तो माझ्यासमोर गुळगुळीत केला. दुसऱ्या दिवशी खाचा होत्या तिथेच होत्या.

दहाव्याच्या सकाळी घाटावर पिंड ठेवला. शेजारी कारभारीने आणलेला दुसरा खडा होता. झाडावर कावळे भरले होते, पण एकही खाली उतरेना. उन्हं वर आली. लंकाबाई उठली आणि सरळ स्मशानात चालत आली. तिच्या मागून कारभारी आला. मी आणि निसार खांबाजवळच होतो.

ती खांबासमोर उभी राहिली. तिने एकेका खाचेत बोटं घातली.

"म्या धुतलं त्यांना," ती म्हणाली. "हा मानंवरचा. हा खांद्यावरचा. आन् हा, हात आडवा धरला तवाचा."

कारभारीचा चेहरा उतरला. मग तो चिडला.

"चार लोकांत तमाशा नको. ह्या खाचाच दिसतात ना तुला? तासून टाकतो."

त्याने निसारच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली आणि घाव घातला. पातं मानेच्या खाचेत बसलं. नेमकं. म्यानात तलवार जावी तसं. ढलपी उडाली नाही.

दुसरा घाव खांद्याच्या खाचेत.

तिसरा त्या तिरप्या खाचेत, त्याच कोनातून.

मग पुन्हा पहिला.

"शेठ, बस करा," निसार म्हणाला.

कारभारीने आमच्याकडे पाहिलं. त्याचे हात थांबत नव्हते.

"सुटंना," तो हळू आवाजात म्हणाला.

लाकडातून लाल पाणी ओघळत होतं. सागाचा रस असेल. खांब कलला.

मी ओरडलो. वरचा पत्रा सुटला आणि धारदार कडेने खाली आला.

त्याच्या मानेवर.

तो पडल्यावरही बोटं दांड्याभोवती आवळत राहिली. रक्त खांबाच्या खड्ड्यात उतरलं. लंकाबाई खाली बसली, त्यात हात घालून तिने दगड काढला आणि पदराने पुसला.

घाटावर तिने खडा पिंडाजवळ ठेवला. कावळा लगेच शिवला. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तिने तो दूर, खोल धारेत फेकला. मी काठावरून पाहत होतो. दगड बुडाला.

दुसऱ्या दिवशी कारभारीचं प्रेत चिरफाडीहून आलं. दुसऱ्या शेडखाली चिता रचली. कडक ऊन होतं, जमीन तापली होती. त्याच्या थोरल्या मुलाने मडकं खांद्यावर घेतलं. भटजींनी त्याला पायाजवळचा कुठलाही दगड उचलायला सांगितला.

तो वाकला आणि जो हाताला लागला तो त्याने उचलला. मी त्याच्या मागेच उभा होतो.

काळा दगड, मधून पांढरी शीर गेलेला. त्याच्यावरून पाणी ठिबकत होतं.